कानावर येईल एवढं अंतर

साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्याच्यावरून कोरा चहा घोट घोट घ्यायचा — गोलबानूनं पुन्हा एकदा करून दाखवलं, पण सत्यशीलाचा खडा पहिल्याच घोटाला विरघळून गेला आणि उरलेला चहा कडू, तांबडा, परका... तिनं तो तसाच संपवला. इराणातल्या या लहानशा शहरात येऊन तिला अजून दोन आठवडेही झाले नव्हते. दवाखान्यातली सकाळची पाळी सुरू होण्याआधी सगळ्या जणी पितळी बंबाभोवती उभ्या राहून असा चहा घेत, आणि झाडलोट करणारी ही जाडजूड, हसरी गोलबानू तिला रोज हाताला धरून तिथं नेत असे. चिमुकला काचेचा पेला ठेवायला ती वाकली तशी छातीवरची पट्टी ताणली गेली आणि कळ आली — आली का? की रोज येते म्हणून आजही आली असं वाटलं?

पट्टी आईच्या जुन्या लुगड्याची होती. निघायच्या आदल्या दिवशी आईनं, सुलाबाईनं, दातांनी शिवण तोडून ती फाडली होती. "घट बांध, माय. दोन-चार दिस लय ठणकंल, मंग दूध आटंल आपोआप." एखाद्या शेळीबद्दल सांगावं तसं सांगितलं तिनं, आणि मग चुलीकडं तोंड करून बराच वेळ बसून राहिली. विशाखा तेव्हा आजीच्या पदराला धरून उभी राहायला बघत होती. धपकन बसायची, पुन्हा धरायची. सत्यशीलाची नऊ महिन्यांची पोर.

इथल्या नर्सच्या नोकरीची मुलाखत झाली तेव्हा विशाखा पोटातही नव्हती. बोलावणं आलं तेव्हा ती रांगत होती. पंडित — तिचा नवरा, पाथरीच्या शाळेत मास्तर — म्हणाला, "दोनच वर्षं. बघता बघता जातेल." सेलूच्या आपल्या वस्तीतल्या माणसांनी तर काही विचारलंच नाही, आपल्यातली पोरगी विमानात बसणार म्हणून सगळे हार घेऊन स्टेशनवर आले, आणि जिनिंगच्या बाजूनं उडत आलेला कापूस त्या हारांवर, माणसांच्या केसांवर, तिच्या नव्या पातळावर बसत राहिला. मला जायचं नाही, असं म्हणायला त्या हारांमधून जागाच नव्हती... आणि जायचं नव्हतं, हे तरी कुठं खरं होतं? जायचंही होतं. आई तेवढी स्टेशनवर आली नाही. "आणणार न्हाई मी तिला. गाडीच्या मागं रडंल पोर, अन् तू उतरशील." सकाळीच विशाखाला कडेवर घेऊन ती शेताकडं निघून गेली. वळणावर विशाखा आजीच्या खांद्यावरून मागं बघत होती. हसत होती.

वॉर्डात भाषा येत नव्हती आणि तरी येत होती. दर्द, बीमार, चादर, गरम — निजामाच्या राज्यात उर्दू शिकलेल्या तिच्या वडिलांच्या, तात्यारावांच्या तोंडचे शब्द या बायकांच्या तोंडून येत, आणि क्षणभर वाटे की पुढचं सगळं कळेल. पण पुढचं सगळं वाहून जाई आणि ती एकेका ओळखीच्या शब्दाला धरून उभी राही. वडील जाऊन चार वर्षं झाली. असते तर ते काय म्हणाले असते? जा म्हणाले असते. सगळेच जा म्हणाले.

बाळंतिणींचा वॉर्ड पलीकडेच होता. पहिल्या दिवशी तिथलं मूल रडलं तेव्हा ती एका म्हातारीला सुई टोचत होती. छातीत सरसरून आलं, पट्टी भिजली, पांढरा झगा भिजला. ती हात छातीवर धरून न्हाणीघरात पळाली आणि मोरीवर वाकून पिळत राहिली. दूध पांढऱ्या फरशीवरून पांढरंच वाहत जाळीतून खाली गेलं... तेव्हापासून रोज तसंच. कुणाचंही मूल रडो, शरीर आपलं मानून धावत सुटे. त्याला किती सांगितलं तरी कळत नसे. तिला ती लाजच वाटे, पण त्या लाजेला धरून ती दिवस काढत होती.

आई सांगायची — तू तान्ही होतीस, तवा बांधावरच्या लिंबाला झोळी बांधायची मी, अन् निंदायला जायची. मुकादम म्हणायचा, पलीकडची पात धर. मी न्हाई धरली. तुझं रडनं कानावर यील, येवढ्याच अंतरावर ऱ्हायची. तेवढं अंतर आईनं कधी ओलांडलं नाही. मग मला कसं जा म्हणाली ती?

दुपारी ती चादरी बदलत होती. गोलबानू दुसऱ्या बाजूनं टोक ओढायला आली आणि सहज, हसत विचारलं, "बच्चे दारी?"

हा प्रश्न सत्यशीलाला पुरता कळला. मूल आहे का तुला? हो म्हणायला हवं होतं. पण हो म्हटलं की — कुठंय? कुणापाशी? केवढं? आणि एवढंसं असताना तू इथं कशी? त्या पुढच्या प्रश्नांना तिच्याजवळ फारसी नव्हती. मराठी तरी होती का?

"ना," ती म्हणाली.

इथल्या भाषेतही नाहीला 'ना'च म्हणत. म्हणजे हे परक्या भाषेत बोलले मी, अशीही सोय राहिली नाही. आईच्या, विशाखाच्या भाषेतच म्हणाले मी ते.

गोलबानूचा चेहरा उतरला. तिनं हातातलं टोक खाली ठेवलं, पलंगाला वळसा घालून आली आणि सत्यशीलाच्या डोक्यावर हात ठेवला. फिनेलचा वास येणारा, गरम, जड हात. "खुदा मीदे," ती हळूच म्हणाली. "इन्शाल्ला." देव देईल. पलंगावरच्या म्हातारीनंही मान हलवली. दोघी जणी तिच्यासाठी मूल मागत होत्या, आणि ती खाली मान घालून ते मागणं घेत उभी होती.

न्हाणीघरात जाऊन तिनं पट्टी सोडली. कोरडी होती. सकाळपासून पलीकडं मुलं रडलीच नव्हती का? रडली होती. आत्ताही एक रडत होतं, हुंदके देऊन, उपाशी असल्यासारखं. ती ऐकत उभी राहिली. छाती गप्प होती. तिनं बोटांनी दाबून पाहिलं, मग जोरात, दुखेपर्यंत... एक थेंब आला, पाण्यासारखा, आणि तिथंच थांबला.

दोख्तर — मुलगी. दूर — दूर. एवढे दोन शब्द तिला येत होते. ती धावत बाहेर आली. गोलबानू पायऱ्यांवर होती, काळी चादर डोक्यावरून घेत, घरी निघालेली.

"गोलबानू!"

ती वळली. तोच तो दुपारचा कनवाळूपणा अजून तिच्या चेहऱ्यावर होता.

"दोख्तर..." सत्यशीला म्हणाली.

"दोख्तर!" गोलबानू खुलून हसली, समजल्यासारखी मान डोलावू लागली. मुलगी हवी तुला, मुलगी! आणि आकाशाकडं हात करून पुन्हा काहीतरी पुटपुटली, तिच्या गालाला हात लावला आणि पायऱ्या उतरून गेली. दुसरा शब्द सत्यशीलाच्या तोंडातच राहिला.

समोर तपकिरी, उघडे डोंगर होते. तिकडं सेलूत आता दिवस मावळला असेल, आईनं चूल पेटवली असेल. पहिले काही दिवस विशाखा दाराकडं बघून रडली असेल. रडू नये, लवकर सरावावी, असं इतके दिवस ती मनातल्या मनात म्हणत आली होती. आणि आज पोर रडत नसेल. आजीच्या कुशीत तोंड खुपसून, भाकरीचा पापुद्रा चघळत, निवांत असेल — हे तिला एकाएकी इतकं स्पष्ट दिसलं की तिनं कठडा धरला. बरं झालं, ती स्वतःशी म्हणाली. बरं झालं. आणि मग तिथंच उभी राहून ती विशाखाचं रडणं आठवू लागली... पलीकडच्या त्या मुलाचंच रडणं तेवढं ऐकू येत राहिलं.