सहा वितींचं दार

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे, पाव भाजायची. बाहेरून पत्रा, आतून विटा आणि पुढे हे भलंमोठं तोंड. तोंड एवढं मोठं, पण त्यातून एक शब्द फुटत नाही, हेच माझं जन्माचं दुखणं.

तरुणपणी मी एका बेकरीत होते. बेकरीवाले काका मला ‘आमची राणी’ म्हणायचे. पहाटे मी तापले की वासानेच गल्ली जागी व्हायची. पुढे काका थकले, बेकरी बंद झाली आणि राणीची रवानगी जुन्या सामानाच्या गोदामात झाली. तिथे माझ्यावर कोळी जाळी विणत बसले. मी तरी काय करणार?

मग एक दिवस ताई आली. जन्मभर दुसऱ्यांच्या हॉटेलांत राबलेली, आता स्वतःचं काढायला निघालेली. बरोबर तिचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवणारा. सगळीकडे वाकून शिरावं लागेल एवढा उंच, पण घरात अजून बाळ्याच.

मला पाहताच ताईचा चेहरा उजळला. माझ्यासाठी तिने नव्या खुर्च्या, भिंतींचा रंग, दर्शनी दिवे, सगळ्या खर्चाला कात्री लावली.

“अगं, लोक बसणार कुठे?” बाळ्याने विचारलं.

“बाकड्यावर बसतील. गरम पाव नसेल तर मुळात येतील कशाला?”

गोदामवाल्याने बजावलं, “विकलेला माल परत घेत नाही हं.” तोवर ताई मला मोजायला वाकली होती. त्यांच्या घरात मोजपट्टी कधी नव्हतीच. पडदे असोत की पोरांची उंची, त्यांच्या आईने सगळं वितीनेच मोजलेलं.

“तू राहू दे, कपडे काळे होतील,” असं म्हणत बाळ्याने तिला मायेने बाजूला केलं. “दार किती आहे आपलं?”

“सहा विती. कालच मोजलं मी.”

त्याने माझ्या पाठीवरून पंजा फिरवला. “ही साडेपाच. आरामात जाते.”

मित्रांनो, तो पंजा म्हणजे फावडं होतं. बेकरीत काका आणि काकू मला वितीने मोजायचे तेव्हा दोघांचा आकडा कधी जुळलाच नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. ‘अरे, विती कुणाच्या?’ एवढंच विचारायचं होतं. पण तोंड नुसतंच उघडं. ताईने पैसे मोजून दिले.

हमालांनी मला मागच्या बोळातून ताईने हॉटेलसाठी घेतलेल्या गाळ्याच्या दाराशी नेलं आणि तिथेच घोडं अडलं. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. खोलावी तर आतल्या विटा सुटतात. दार फोडावं तर वरच्या मजल्याचा सगळा भार त्याच भिंतीवर. घरमालकाने हातच जोडले.

“विती कुणाच्या मोजल्यास?” ताईने हळूच विचारलं.

“माझ्या.”

“आणि दार मी माझ्या.”

ती पायरीवर बसली ती बसलीच. रागावली असती तर बाळ्याला बरं वाटलं असतं. मलाही.

हॉटेल सुरू झालं, दुसरीकडून आणलेल्या गार पावावर. लोक येतात, पण थोडे. कुणी विचारतं, “पाव इथे भाजत नाही?” ताई पाणी द्यायला वळते. मी भिंतीच्या अलीकडे उभी राहून ऐकते. मला फार वाईट वाटतं.

बाळ्या यायचाच बंद झाला होता. परवा आभाळ भरून आलं तेव्हा मात्र ताडपत्री घेऊन आला आणि मला गुपचूप झाकू लागला. ताई चहा घेऊन बाहेर आली. कप माझ्या डोक्यावर ठेवला, त्याचा हात ओढला आणि त्याच्या पंजाला आपला पंजा लावला. त्याची बोटं पेरभर वर राहिली.

“केवढा झालास रे,” ती म्हणाली. “मला अजून तू लहानच वाटतोस.”

त्याने पंजा तसाच तिच्या पंजाला लावून ठेवला. चहा तिथेच गार झाला.

मी अजून बोळातच आहे. ताडपत्रीखाली गंज चढतो आहे, तो मला थांबवता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला बोलता येतं. मग प्रेमापोटी एकमेकांची कामं वाटून घ्याल तेव्हा तेवढं एक विचारत जा, विती कुणाच्या?