चार चौकोन

सल्लागाराचं औजार कसं निवडायचं, हे पुण्याच्या कंपनीत विष्णुपंतांनी मच्छिंद्रला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते आधी हेरायचं, मग त्याला साजेसा तक्ता काढायचा. याला तिथं अक्कल म्हणत.

शहाऐंशीच्या दुष्काळात जिल्ह्यातला एक दूध संघ डबघाईला आला. गावोगावची कोणती संकलन केंद्रं ठेवायची आणि कोणती मोडायची, हे सांगायला हे दोघं आले. अध्यक्ष आबारावांना केंद्रं कमी करायचीच होती. मच्छिंद्रला गावोगाव हिंडून गोठे बघता आले असते. पण ऊन मरणाचं होतं, आणि संघाच्या आकड्यांवरून चार चौकोनांचा तक्ता बसल्या जागी निघत होता: दूध आणि खर्च बघून प्रत्येक केंद्राचा ठिपका एकेका चौकोनात ठेवायचा. त्यानं तक्ताच काढला.

'बंद करा'च्या चौकोनात त्याच्याच गावाचा ठिपका पडला, जळकोटचा. दूध शून्य. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. गावची सगळी जनावरं चारा छावणीत होती, त्याच्या आईची म्हैससुद्धा. त्यांचं दूध छावणीशेजारच्या केंद्राच्या नावावर चढत होतं.

बैठकीत त्यानं हे सांगून पाहिलं. आबाराव शांतपणे म्हणाले, "साहेब, ठिपका तुमीच ठेवलाय न्हवं?"

विष्णुपंतांनी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. मच्छिंद्र गप्प बसला. नोकरी नवी होती, आणि भित्र्याला कारण लगेच सापडतं.

दुसऱ्याकडून कळू नये म्हणून तो स्वतः छावणीत गेला. आईला, सरुबाईला, त्यानं काहीएक न लपवता सगळं सांगितलं. ती बराच वेळ म्हशीची पाठ खाजवत राहिली.

"मग गावाकडं गेल्यावर दूध कुठं घालू?"

"थांब आई, मी परत बोलतो त्यांच्याशी."

"बोललास न्हवं एकदा."

छावणीच्या तोंडाशी जनावरांचा व्यापारी रोजच टपलेला असे. सरुबाईनं दावं सोडलं आणि म्हैस त्याच्याकडं नेली. शेजारच्या बनाबाईनं विचारलं, ऐकलं, आणि आपली गायही सोडली. दिवस मावळेस्तोवर जळकोटच्या रांगेत नुसते खुंटे उरले. मच्छिंद्रला रडू आलं, पण त्याचा कुणाला काय उपयोग?

पुढं पाऊस बरा झाला, चारा माजला. दिवाळीनंतर संघानं पाहणी केली, तर जळकोटात दुधाचं जनावर औषधालाही नव्हतं. विष्णुपंत खुशीत म्हणाले, "बघा, आपला तक्ता तंतोतंत खरा ठरला."

आबारावांनी मच्छिंद्रची पाठ थोपटली. त्यानं थोपटू दिली.