शालीवरची शिते

मित्रांनो, मी एक म्हातारी मांजर आहे. कान फाटका, पण नाक शाबूत. मालकीणबाईंनी मला पिल्लू असताना घरी आणले. त्या रोज मला बारीक फणीने विंचरत आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवत. मी उंदीर मारला की "माझी वाघीण!" म्हणत.

मग त्या वारल्या. मालकांनी त्यांची शाल खुर्चीवर तशीच ठेवली. तिला बाईंचा वास होता. मी तिच्यावरच झोपे. मला विंचरायचे मात्र कुणाला सुचले नाही.

हळूहळू मी वाळू लागले. वाटी चाटूनपुसून खाई, तरी बरगड्या वर आल्या. "हिनं हाय खाल्ली," मालक म्हणत.

एके सकाळी त्यांना शालीवर पांढरी शिते दिसली. घरात तर भात शिजलाच नव्हता. त्यांची नजर शेजारच्या शिंपीणकाकूंच्या खिडकीकडे वळली. काकूंच्या नव्या कापडावर मी एकदा नखे परजली होती. त्या दिवसापासून मालक माझी वाटी आधी हुंगत, खिडक्या लावून घेत. मलाही काकूंच्या पावलांचा संशय येऊ लागला. त्यांनी "मने" म्हटले की मी कपाटाखाली.

शेवटी मालक त्यांच्या दारात कडाडले, "माझ्या मांजरीला भातातून काय घालता?"

"भात? भाऊजी, मला साखरेचा आजार झाल्यापासून माझ्या घरात तो बंद आहे! दाखवा तुमची शितं!"

काकू तरातरा आल्या, चष्मा लावून शालीवर वाकल्या आणि झटकन मागे सरल्या.

"अहो, शितं वळवळतात होय तुमच्याकडे?"

दोघांनी मला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या म्हणाल्या, "हे जंतांचे तुकडे, शेपटीखालून गळतात. अंग चाटताना पिसू गिळली की हे जंत होतात. अजून उशीर केला असतात तर अवघड होतं." गोळीचाही मला संशय आला, दोनदा थुंकली. "अंथरूणही गरम पाण्यात धुवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पिसवा राहिल्या तर जंत परत होतील."

"शाल नाही धुणार," मालक म्हणाले. "तिचा वास जाईल."

काकू हळू आवाजात बोलल्या, "भाऊजी, ताईंनी ती केव्हाच धुतली असती."

मालकांनी शाल स्वतःच्या हाताने धुतली. वाळल्यावर नाकाशी धरली. नुसता साबण. त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले. मी त्यांच्या मांडीवर होते. हाडांची, पण जिवंत.

मित्रांनो, आम्हाला पोटातले सांगता येत नाही. आम्ही खाऊनही वाळलो, तर शेजाऱ्याच्या ताटात डोकावू नका. आधी आमची शेपटी उचलून बघा.