धाकट्याचा बटाटा

त्या घरात रविवारी कुणी आपल्या हाताने वाढून घेत नसे. बाकीचे दिवस कोण कधी जेवतोय, उभ्याने खातोय की पातेल्यातच चमचा घालतोय, हे विचारणारं कुणी नव्हतं. पण रविवारी दुपारी आईने रस्सा टेबलावर आणला की पळी तिच्या हातात. आणि आठवड्यात कुणा दोघांचं वाजलं असेल, तर ती पळी त्या दोघांतल्या मोठ्याच्या हातात जायची. मोठ्याने लहानाला वाढायचं. वाढलं की भांडण मिटलं, मग त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

"मोठ्यानेच का?" असं थोरलीने एकदा फणकाऱ्याने विचारलं होतं. भाऊ धाकटा असल्यामुळे दर वेळी तिच्यावरच पाळी यायची.

"लहानाला नमायला अख्खं आयुष्य पडलंय," आई म्हणाली. "मोठ्याकडे वेळ कमी असतो."

आता कुणी म्हणेल, काय हे खूळ! पण त्या घरात हे खूळ लागायचंच. माणसं चार आणि चौघांच्याही नाकावर राग. बाप गादीवाला. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. दिवसभर कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा आणि हातभर लांब दाभणाने टाके घालायचे. हाताला यश असं की एकदा गादी नेलेलं गिऱ्हाईक पुढे पोरीच्या लग्नालाही त्याच्याचकडे यायचं. पण जिभेवर साखर ठेवायला देव विसरला होता. धाकटा कळता झाल्यापासून बापाच्या हाताखाली बसायचा, आणि बापाची बोटं घ्यायच्या आधी त्याने बापाची जीभ घेतली.

जेवणाच्या टेबलाशी कापूस आलेला आईला खपायचा नाही. "आधी डोकी झाडा," ती आतून ओरडायची. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बाप धाकट्याला उभा करायचा आणि त्याच्या केसांतला कापूस एकेक करून वेचायचा. तोंडाने शिव्या चालूच: "टाके वाकडे घालतोस, कापूस मात्र बरोब्बर डोक्यात भरतोस!" पण बोटं अशी हलकी चालायची की धाकट्याला डुलकी यायची.

आणि रश्श्यात एक अख्खा बटाटा असायचा. धाकट्याचे दुधाचे दात पडले तेव्हा त्याला मटण चावेना, म्हणून आईने न चिरता एक बटाटा सोडला. दात आले, मिशी आली, तरी बटाटा राहिला. तो दुसऱ्या कुणी घेतला तर घरात दंगल व्हायची.

पुढे कोपऱ्यावर फोमच्या गाद्यांचं मोठं दुकान निघालं आणि धाकटा तिथे नोकरीला लागला. बापाने त्या आठवड्यात दुकानातली कात्री फेकली, धाकट्याने दार आपटलं. पण रविवार आला, आईने पळी नवऱ्याच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बापाने तोंड वाकडं केलं, पण वाढलं. बटाटाही वाढला. नोकरीचा विषय तिथे संपला.

मग आई अंथरुणाला खिळली. पडून पडून पाठीला जखमा झाल्या. बापाने तिच्याखालची गादी उसवली, उत्तमातला उत्तम कापूस पुन्हा पिंजला, पुन्हा भरली. चार दिवसांनी पुन्हा उसवली. म्हाताऱ्याचे डोळे लाल व्हायचे आणि आई रात्रभर कण्हायची. मलमपट्टीला येणारी नर्स म्हणाली, ही गादी बदला. धाकट्याने कुणाला विचारलं नाही. दुकानातून फोमची गादी उचलून आणली, आईला तिच्यावर घेतलं आणि बापाची गादी गुंडाळून पुढच्या खोलीत उभी केली.

सकाळी आई हसून नवऱ्याला म्हणाली, "अहो, आज पाठ दुखली नाही हो."

ती बिचारी सुखाने म्हणाली. बापाच्या मात्र काळजात ते दाभणासारखं गेलं. आणि दोन महिन्यांनी ती गेली तीही त्याच गादीवर.

"जन्मभर माझ्या गादीवर झोपली," घर रिकामं झाल्यावर बाप मुलाला म्हणाला. "जाताना तिला परक्याच्या गादीवर घातलंस."

धाकट्याने गप्प बसायला हवं होतं. पण खाण तशी माती. "दगड झाला होता तुमच्या गादीचा," तो म्हणाला. "दगडावर तळमळत होती ती."

त्यानंतरच्या रविवारी थोरली नवऱ्याला घेऊन माहेरी आली. आईच्याच पातेल्यात रस्सा केला, अख्खा बटाटा सोडला आणि पळी बापाच्या हातात दिली. बापाने पळी धरली. धाकट्याच्या ताटाकडे पाहिलं. मग पळी पुन्हा पातेल्यात ठेवली आणि खुर्ची सरकवून पुढच्या खोलीत निघून गेला.

आईच्या हयातीत असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरलीचा नवरा स्वभावाने गमतीदार. तो म्हणाला, "आण इकडे, मी वाढतो. मीही मोठाच आहे की!" पण हसलं कुणी नाही. धाकटा उठला, कोरडं ताट मोरीवर नेऊन धुतलं, पालथं घातलं आणि गेला.

पण पुढच्या रविवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. दर रविवारी यायचा, ताटासमोर बसायचा, बाप पळी ठेवून द्यायचा, हा कोरडं ताट धुऊन जायचा. असं वर्ष गेलं, दुसरं गेलं. थोरलीही दर रविवारी रस्सा करायला यायची आणि डबा भरून मागे धावायची.

"नको ताई. त्यांनी वाढलं तरच."

"अरे, सुंभ जळला तरी तुमचा पीळ काही जायचा नाही! दोघंही मेल्यावर वाढणार का एकमेकांना?" थोरली रस्त्यावरच रडायची. आणि बटाटा तसाच पातेल्यात राहायचा. संध्याकाळी निघताना ती तो टाकून द्यायची, कारण तिच्याही घशाखाली उतरायचा नाही.

धाकट्याचं म्हणणं एवढंच होतं: बापाने एकदा वाढावं. माफी नको, बोलणं नको. आईचा नियम होता, आईसाठी एक पळी वाढावी. बापाने ती वाढली नाही तर आपण खरंच आईला परक्याच्या गादीवर मारलं असं होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. रात्री कूस बदलताना त्याला ते आठवायचं, आणि दिवसा गिऱ्हाइकाला "बसून बघा, झोपून बघा" म्हणतानाही आठवायचं.

मग थोरलीचा फोन आला. बाबा दाभण हातात घेऊन सकाळभर बसून होते. हे कशाला असतं गं, असं त्यांनी विचारलं. त्या आठवड्यात ते आपल्याच गल्लीत रस्ता चुकले. पुढे चहा पिऊन पुन्हा चहा मागायला लागले. थोरली सामान घेऊन माहेरीच राहायला आली. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार.

"ऐक," ती धाकट्याला म्हणाली. दुकानमालकाच्या कामासाठी तो बाहेरगावी होता, दोन रविवार त्याचे चुकले होते. "परवा मी फोमचं नाव काढलं, तर त्यांना काही आठवेना. अरे, भांडणच विसरलेत ते! तू ये. मी पळी देते, ते वाढतील."

"ताई, विसरणं म्हणजे मिटणं नव्हे."

"शहाणपणा पुरे. उद्या पळी धरायचीही विसरतील, मग बस नियम चाटत."

तो आला. येताना दाढी करायलाही सुचलं नाही त्याला. बाप टेबलाशी बसला होता, धुतलेला सदरा घालून, केस नीट विंचरून. धाकट्याला पाहताच तो अर्धवट उठला.

"या, या. बसा," बाप म्हणाला.

त्या "या"ने धाकट्याचे पाय जागीच थबकले. जन्मात बापाने त्याला अहोजाहो केलं नव्हतं. गाढवापासून सुरुवात व्हायची. थोरलीने पदर तोंडाला लावला. तिचा नवरा पाण्याचे पेले मांडत होता, तो मांडतच राहिला.

थोरलीने पळी बापाच्या हातात दिली. बापाने या खेपेस ती ठेवली नाही. पातेलं जवळ ओढलं, पाहुण्याला वाढावं तसं अदबीने भात वाढला, त्यावर रस्सा घातला. "संकोच करू नका हं. आमच्याकडे कुणी स्वतः वाढून घेत नाही. घरातल्या बाईचा नियम आहे."

धाकट्याने ताटाकडे पाहिलं. ज्यासाठी तो इतके रविवार उपाशी उठला होता, ते समोर वाफाळत होतं, आणि त्याला घास उचलवेना.

"काय करता आपण?" बापाने विचारलं.

"गाद्या विकतो."

"वा! मग आपण एकाच धंद्यातले! कापसाच्या?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," धाकटा म्हणाला. "फोमच्या."

थोरलीने डोळे मिटून घेतले. बापाच्या हातातली पळी थांबली. मग तो मान हलवून हळूच म्हणाला, "चांगल्या असतात हो. आमचा धाकटाही तेच करतो. ही आजारी होती ना, माझ्या गादीवर तिचा डोळा लागायचा नाही. मी किती पिंजला कापूस, किती पिंजला! नाही जमलं मला. मग पोराने ती गादी आणली, तेव्हा कुठे झोपली बिचारी. पण मी त्याला चांगलं म्हटलं नाही कधी. उलट नाही नाही ते बोललो." त्याने पातेल्यात पळी घातली आणि अख्खा बटाटा वर काढला. धाकट्याचा हात आपोआप ताटाशी गेला. बापाने बटाटा अलगद पुन्हा रश्श्यात सोडला. "राग मानू नका. हा तेवढा राहू दे, हा धाकट्याचा असतो. तो येतो दर रविवारी. मधे दोनदा आला नाही, पण आज येईल. आज मी त्याला वाढणार आहे."

"बाबा," धाकटा म्हणाला. "बाबा, मीच तो. मीच धाकटा."

बाप संकोचून हसला. "चेष्टा करता का म्हाताऱ्याची? तुम्ही चांगले दाढीवाले गृहस्थ. तो बारका आहे. आणि त्याच्या केसांत सदा कापूस असतो, ती खूणच त्याची."

धाकटा उठला. थोरलीला वाटलं, नेहमीसारखा ताट धुऊन निघाला. पण तो पुढच्या खोलीत गेला. दुकान बंद पडून धूळ खात होतं. कोपऱ्यात आईच्या अंगाखालची ती गुंडाळलेली गादी अजून तशीच उभी होती, तिची एक शिवण उसवलेली. त्याने तीत हात घातला, मूठभर कापूस ओढला आणि डोक्यावर चोळला. पुन्हा घेतला, पुन्हा चोळला. चाळिशीकडे झुकलेला माणूस, डोळ्यांतून धारा आणि डोकं पांढरंफटक. मग रस्त्याच्या दाराने बाहेर गेला, चपला पायात घालून पुन्हा काढल्या आणि नव्याने आत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला.

"बाबा, मी आलो."

बाप खुर्चीवरून उठला. जवळ आला. खूप वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. थोरलीने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"अरे अरे," बाप म्हणाला, "कापूस लागला की तुम्हाला. थांबा हं, टेबलाशी कापूस आणलेला आमच्या घरात चालत नाही." आणि तो एकेक करून कापूस वेचू लागला. बोटं पूर्वीइतकीच हलकी होती. शिवी मात्र एकही नव्हती. धाकटा मान खाली घालून उभा राहिला. एखादी शिवी मिळावी म्हणून त्याने काय वाटेल ते दिलं असतं.

"झालं," बाप म्हणाला. वेचलेला कापूस त्याने मुठीत नीट धरून ठेवला. "तुम्ही काही विसरलात का? परत आलात म्हणून विचारलं."

"हो," धाकटा म्हणाला. "जेवायचं राहिलं."

तो बसला आणि जेवला. सगळं जेवला, बोटं चाटून. बाप स्वतः जेवेना. धाकट्याला वाढल्याशिवाय कसं जेवू, म्हणाला. थोरलीने मिनतवाऱ्या केल्या, तिच्या नवऱ्याने एक विनोदही करून पाहिला. पण बापाने एक रिकामं ताट शेजारी मांडून घेतलं, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पळी हातात घेऊनच तो दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला, रस्त्याकडे तोंड करून.

धाकट्याने आपलं ताट धुतलं. मग तोही बाहेर आला.

"धाकटा येईपर्यंत बसू का मी इथे?"

"बसा की," बाप सरकून जागा करत म्हणाला. "एकट्याने वाट बघण्यापेक्षा बरं."