तिसरी फट

घरात तिला सगळे चिमटी म्हणत. लहानपणी ती मेलेली झुरळं चिमट्याने उचलायची आणि त्यांची चित्रं काढत बसायची, तेव्हा मावशीने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता चिमटीने तिशी ओलांडली होती आणि ती एका प्रयोगशाळेत माश्यांच्या अळ्या वाढवत होती.

अळ्या कलेजीच्या तुकड्यांवर वाढत. प्रेतावर कोणत्या जातीच्या अळ्या आहेत आणि त्या किती वाढल्या आहेत हे कळलं, की माणूस मरून किती दिवस झाले ते सांगता येतं. त्या जाती ओळखायचं पुस्तक प्रयोगशाळेचे सर लिहीत होते आणि त्यातली चित्रं चिमटीची होती. कुजक्या कलेजीचा वास तिच्या केसांत बसायचा. बाबा दारातच सांगायचे, आधी अंघोळ, मग गप्पा. चिमटीला मात्र त्या वासाची कधी किळस आली नाही. जे सडायचं ते उघडपणे सडतं, त्यात लपवाछपवी नसते, असं तिचं मत.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिला दोघांना उत्तर द्यायचं होतं. पुस्तक छापखान्यात गेलं की सर तिला नोकरीत कायम करणार होते, पण मग तिच्या स्वतःच्या चित्रांना उरलेले रविवारही अळ्यांच्या घशात गेले असते. मावशी चित्रकला शिकवायची. तिने एका प्रदर्शनात भाचीसाठी अख्खी भिंत मिळवली होती. ती भरायची तर नोकरीवर पाणी सोडून वर्षभर रंगवत बसायला हवं होतं. आठवडाभर चिमटीला धड जेवण जात नव्हतं.

चित्र पाठवण्याआधी ते पुन्हा एकदा काचपट्टीवरच्या अळीशी ताडून बघायचं, हा तिचा नेम. शेवटचं चित्र उरलं होतं, आणि सगळ्यांत देखणं तेच होतं. तोंडातल्या काळ्या आकड्यांसकट अख्खी अळी, आणि कोपऱ्यात तिचं मागचं टोक मोठं करून दाखवलेलं. तिथे श्वासाची दोन भोकं असतात आणि प्रत्येक भोकात तीन फटी. चित्रात तिन्ही फटी एका मापाच्या, डौलदार होत्या. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिसरी फट आखूड होती आणि वाकडी.

एखाद्या अळीत व्यंग असायचंच, म्हणून तिने आणखी नऊ काचपट्ट्या काढल्या. नऊच्या नऊ वाकड्या. म्हणजे ही जात ओळखायची खूणच ती होती आणि नेमकी तीच चिमटीच्या हाताने मिटवली होती. मुद्दाम केलं असतं तर तिला आठवलं तरी असतं. डोळ्याने वाकडं पाहिलं, हाताने सरळ केलं, आणि वर ती महिनाभर त्या चित्रावर खूश होती. तिने दोनदा साबणाने हात धुतले.

सरांच्या खोलीत जाऊन तिने सगळं सांगितलं. सरांनी बिस्कीट चहात बुडवलं, त्याचा लगदा कपात गळला, तो त्यांनी बोटाने काढून खाल्ला.

"अगं, चित्र म्हटलं की थोडं इकडेतिकडे व्हायचंच. कोण भिंग लावून बघणार आहे?"

पुस्तक भिंग लावून बघणाऱ्यांसाठीच आहे, असं ती म्हणाली. सर हसले. बोट शर्टाला पुसत त्यांनी समजावलं, की छपाई आता थांबायची नाही, तिने आधी कायम व्हावं, मग दुसऱ्या आवृत्तीत काय ते बघू. जात चुकली की दिवस चुकतात आणि दिवस चुकले की भलताच माणूस पकडला जातो, हे तिला पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवलं होतं.

तिने बाहेरच्या जिन्यात बसून मावशीला फोन लावला. तेच चित्र मोठं करून मावशी भिंतीच्या मधोमध लावणार होती. फटीचं ऐकून मावशीला हायसंच वाटलं; तिला वाटलं होतं, पोरगी नाही म्हणायलाच फोन करते आहे.

"सरळ आहे तेच छान आहे गं, चिमटे. त्या तोंडातल्या आकड्यांचं मात्र बघ काहीतरी. आणि जराशी गुलाबी कर तिला. लोकांना दिवाणखान्यात लावायची असते."

"अळी?"

"मग काय झालं? गोड दिसेल."

चिमटीने फोन ठेवला. सरांना ती अळी सोपी हवी होती, मावशीला गोड, आणि त्या दोघांच्याही आधी तिला स्वतःला ती देखणी हवी होती. त्या दोघांवर चिडायचं कुठल्या तोंडाने?

ती आत गेली. पाकिटातून चित्र काढलं आणि धारदार पात्याने मधोमध उभं कापलं. दोन्ही तुकडे सरांच्या टेबलावर ठेवले. सरांनी तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. मग म्हणाले, या पानावर आता कुणीतरी काढलेलं अळीचं छायाचित्र टाकावं लागेल. कायम करण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही विचारलं नाही.

मावशीला तिने कळवलं, आकडे राहतील, फट वाकडी राहील, रंग अळीचाच राहील. मावशीचं उत्तर आलं, की भिंत दुसऱ्या कुणाला तरी देते, वाईट वाटून घेऊ नकोस.

चिमटीने कोरा कागद लावला. तिसरी फट काढताना हात चारदा सरळ जायला बघत होता. चारही वेळा तिने खोडलं. पाचव्यांदा आली ती आखूड, वाकडी, बघवणार नाही अशी. काचपट्टीवर होती तशी.

घरी बाबा दारातच उभे होते. "झालीस का कायम?"

"नाही."

"मग मावशीची भिंत?"

"तीही नाही."

बाबांनी तिच्या हातातली कागदाची गुंडाळी उलगडली, नाक मुरडलं आणि हात लांब करून ती परत दिली.

"शी. हे काय गं?"

"अळी," चिमटी म्हणाली, आणि अंघोळीला गेली.