आमचं आम्ही बघतो

कृपा कमवायची नसते, स्वीकारायची असते, हे प्राध्यापकांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना निवृत्तीच्या दिवसापर्यंत शिकवले. बायबलमधल्या कथेत गुरू शिष्यांचे पाय धूत असताना ज्या शिष्याने आपला पाय मागे घेतला, त्याच्यावर त्यांचा खास रोष होता. त्या एका पायावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला आणि साधार सिद्ध केले, की मदत नाकारणारा माणूस नम्र नसतो. तो देवाच्या पंक्तीला बसू पाहत असतो. या विषयावर लिहिण्यासारखे आता काही उरले नाही, असा निर्वाळा परीक्षणकर्त्यांनी दिला. जगण्यासारखे काही उरले आहे काय, हा प्रश्न परीक्षणाच्या कक्षेत येत नाही.

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना सर म्हणत. तिथे त्यांनी एक पद्धतही घालून दिली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर वाटून घेण्याच्या विधीच्या वेळी कोणीही स्वतःच्या हाताने भाकर उचलायची नाही. शेजारच्याने तुकडा मोडून आपल्या तळहातावर ठेवायचा, मग आपण पुढच्याच्या. घेणे हे शरीराला शिकवावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ओळीतला पहिला माणूस तेवढा मेजावरून स्वतः घेई, कारण कोणीतरी पहिला असावाच लागतो. पहिल्या खुर्चीवर सर बसत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय कामातून गेले. जीभ शाबूत राहिली. ते इस्पितळातून घरी आल्यावर चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. सोबत मंडळीतला एक वायरमन होता. चर्चमधला पंखा बिघडो की कोणाच्या घरची मयत उचलायची असो, पहिली हाक त्यालाच जाई. रोज सकाळी दोघे जण येतील, सरांना उठवतील, अंघोळ घालतील, खुर्चीत बसवून जातील, असा प्रस्ताव पाळकसाहेबांनी फार अदबीने मांडला. सरांनी प्रसन्नपणे डावा हात वर केला.

"आमचं आम्ही बघतो," ते म्हणाले.

त्या वाक्यातले बघणारे माणूस तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळत होते.

सरांची बायको वजनाने त्यांच्या निम्मी असेल. दररोज ती त्यांचा जड हात आपल्या मानेभोवती घेई, त्यांना पलंगाच्या कडेवरून ओढून उभे करी, अंघोळीच्या स्टुलापर्यंत सरकवत नेई आणि परत आणी. या प्रवासात सर मार्गदर्शन करीत. घाई करू नकोस, डावीकडून धर, टॉवेल आधीच का नाही घेतलास. नंतर धुतल्या अंगाने खुर्चीत बसून ते जुन्या सहकाऱ्यांना फोनवर सांगत, की देवाची दया आहे, कोणावर ओझं झालेलो नाही. ते खोटे बोलत नव्हते. खोटे बोलायला आधी खरे ठाऊक असावे लागते. बायकोची मदत मदतीत धरण्याचा प्रघात नाही. डाव्या हाताने उजव्याला आधार दिला तर त्याची नोंद कोण घेतो?

एका सकाळी स्टुलावरून उचलताना तिच्या कमरेत काहीतरी लचकले. तिने औषधांच्या दुकानातून पट्टा आणला, तो कपड्यांच्या आत आवळला आणि काम चालू ठेवले. पुढे पायातून मुंग्या उतरू लागल्या, तेव्हा तिने विषय काढला.

"अहो, त्या वायरमनला येऊ द्या ना, सकाळपुरतं तरी."

"म्हणजे त्याने मला उघडं बघायचं?"

"मी बघतेच की."

"तू वेगळी."

"वेगळी कशी?"

यावर ग्रंथात काही नव्हते. सरांनी तिला दुपारी थोडे पडत जा असे सुचवले आणि चष्मा मागितला.

देवाकडे मागून तिचे झाले होते. आता माणसांकडे मागायचे राहिले होते, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ही दोन्ही मागणी एकच प्रार्थना होती. रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले. कोणाची परीक्षा होती, कोणाला मूल हवे होते. मग, इतक्या वर्षांत कधीही न उठलेली सरांची बायको पुढच्या बाकाला धरून उठली.

"सरांसाठी नाही, माझ्यासाठी," ती म्हणाली. "माझ्याने आता त्यांना उचलणं होत नाही. कोणीतरी या."

ती खाली बसली. मागच्या बाकावरून एक मावशी हळहळल्या, बिचारे सर.

दुसऱ्या दिवशी वायरमन एका बेकरीवाल्याला घेऊन हजर झाला. सरांनी बायकोला एवढेच विचारले, की घरची अब्रू चव्हाट्यावर मांडून तिला काय मिळाले, आणि उत्तरासाठी न थांबता बोलणे बंद केले. वायरमनला मात्र हा अबोला लागू नव्हता, आणि त्याला स्वतःला गप्प बसता येत नव्हते. सर, टाका हात खांद्यावर, व्हिजिटिंग चार्ज लावत नाही. सर, पाणी कडक वाटलं तर सांगा, मी विजेचा माणूस, पाण्यातलं कळत नाही. सर डोळे मिटून सगळे सहन करीत. हळूहळू त्यांचे डोळे उघडे राहू लागले, आणि मग जे होणे अटळ होते ते झाले. अबोला सोडून ते बायकोला टिपणे उतरवून घ्यायला सांगू लागले. आपली दुर्दशा हे उत्तम साहित्य आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

पाळकसाहेबांनी त्यांना रविवारच्या उपासनेत संदेश, म्हणजे प्रवचन, देण्याची विनंती केली. सरांना चाकांच्या खुर्चीतून व्यासपीठापाशी नेण्यात आले. मी शिष्याचा मागे घेतलेला पाय आयुष्यभर अभ्यासला, ते म्हणाले, आणि तो माझाच होता. वायरमनच्या खरबरीत हातांविषयी ते बोलले, तेव्हा मंडळीने रुमाल काढले. मग त्यांनी आपला डावा तळहात पुढे केला आणि वायरमनने त्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. असा नम्रपणा आपण पाहिला नाही, असे जो तो म्हणाला. आणि ते खरेच होते, कारण पाहण्यासारखा नम्रपणा क्वचितच कोणी करतो. संदेशात बायको एकदा आली. घरच्यांनीही खूप समजून घेतलं, असे ते वाक्य होते.

ती तिथे नव्हती. अंघोळ घालणारे अंघोळ घालून जात. बाकीचे किरकोळ काम तिच्याकडेच होते. त्या सकाळी सरांच्या बुटांचे बंद बांधायला ती वाकली आणि तिला सरळ होता आले नाही. डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकल्याचे सांगून पलंगाबाहेर पाय न टाकण्याची ताकीद दिली. संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. संदेशाने मंडळी हेलावून गेली, ते म्हणाले. सरांच्या जेवणाचं आम्ही पाहतो, तुम्ही निवांत पडा, सरांची अजिबात काळजी करू नका. ती सरांची काळजी करीत नव्हती. आपल्याला कोण उठवणार, याची करीत होती, आणि तेवढे कोणी विचारले नाही.

सकाळी दार ढकलून वायरमन एकटाच आला. बेकरीवाला मागून येणार होता. तो सरांच्या खोलीकडे वळत असताना आतल्या खोलीतून तिने हाक मारली.

"भाऊ, इकडे या. मला संडासला जायचंय."

वायरमन उंबऱ्यातच थांबला. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

"काकू, मी पाळकसाहेबांना सांगून कोणा बाईला बोलावतो. तोवर सरांचं आवरून घेतो."

"तोवर मी काय करू?" ती म्हणाली. "मलाही लाजच वाटतेय, भाऊ. तरी उठवा. आधी मला."

तिने हात पुढे केला. त्याने एकदा बाहेरच्या खोलीकडे पाहिले, पिशवी खाली ठेवली आणि पलंगापाशी वाकला.

पलीकडून सरांचा आवाज आला. पावलांची चाहूल लागूनही अजून आत कोणी कसे आले नाही, याचे त्यांना नवल वाटले असावे.

"अगं, कोण आलंय बघ जरा."

ती त्या वेळी परक्या माणसाच्या गळ्यात हात टाकून, दात आवळून उभी राहत होती. उत्तर द्यायला तिच्यापाशी श्वास नव्हता.