प्रतिबाबांचं पातेलं

सभागृह खचाखच भरलं होतं, आणि शंभर-दीडशे भली माणसं उलटी चालत आपापली खुर्ची शोधत होती.

प्रतिबाबांच्या दरबारात पाठमोरंच यायचं, असा दंडक होता. पुढे चालतो तो द्रव्याचा गुलाम, मागे चालतो तो प्रतिद्रव्याचा वारस! त्यामुळे दारात रोज धडकाधडकी. निवृत्त पोस्टमास्तर तर पहिल्याच दिवशी उलटे चालत चालत थेट बायकांच्या स्वच्छतागृहात पोचले होते. आणि नियम तो नियम म्हणून बाहेर आले तेही उलटेच, म्हणजे आतल्या बायकांकडे तोंड करून.

पार्लरवाली ताई मात्र सरळ चालत आली. दारावरच्या स्वयंसेवकानं हात आडवा केला.

"ताई, उलटं यायचं असतं."

"मी उलटीच आलेय. तुम्ही उलटे उभे आहात."

त्यानं क्षणभर विचार केला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि तिला सोडून दिलं.

ताईला इथं यायची हौस नव्हती. पण तिचे सासरे, अण्णा, आज व्यासपीठावर होते. अण्णांनी कॉलेजात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, तेही जेवणानंतरच्या तासाला. शेवटपर्यंत जागे राहिलेले विद्यार्थी मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. मुलगा बोटीवर नोकरीला. त्यामुळे निवृत्तीनंतर ऐकायला एकटी सूनच उरली, आणि तिचं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधात. अशा माणसाला प्रतिबाबांनी हुडकून काढलं, 'प्रतिपंडित' ही पदवी दिली, मखमली खुर्चीत बसवलं आणि हातात माइक दिला. अण्णा पाघळले, आणि एकतीस वर्षांच्या टिपणांची आपली वही त्यांनी बाबांच्या हवाली केली.

पडदा सरकला. निळा झगा घातलेले प्रतिबाबा पाठ दाखवत अवतरले आणि सावकाश वळले.

"मी आलेलो नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "मी प्रति-गेलेलो आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांनी घसा साफ केला. "प्राचीन तत्त्ववेत्त्यांनी जगातल्या पदार्थांची यादी केली, आणि तिच्या शेवटी एक विलक्षण पदार्थ ठेवला. अभाव! म्हणजे नसणं. आता या अभावाचे चार प्रकार..."

"ऐकलंत?" प्रतिबाबांनी माइक काढून घेतला. चार प्रकार आजवर कुणालाच कळले नव्हते. "हाच अभाव! यालाच आजचे शास्त्रज्ञ प्रतिद्रव्य म्हणतात. द्रव्य प्रतिद्रव्याला भेटलं की दोन्ही खलास. ते बिचारे कोट्यवधींची यंत्रं लावून शोधतायत, आणि आपल्याकडे ते पातेल्यात आहे!"

टेबलावर खरोखरच स्टीलचं एक मोठं पातेलं होतं. त्यात प्रतिजल; सभागृहात दिवा, उदबत्ती, मेणबत्ती काहीच पेटवायचं नाही, अशी सक्त ताकीद. प्रत्येक भक्ताला तीन दिवस आधी एक पांढरा, फुलासारखा हलका 'दोषपिंड' मिळे. तो उशाशी घेऊन झोपायचं. आजार पिंडात उतरतो.

"कुणी म्हणेल, हा तर थर्मोकोल दिसतो," प्रतिबाबा हसले. "दिसणारच! मायेला दुसरं काय येतं?"

आज अण्णांची पाळी होती. त्यांनी नारळाएवढा पिंड दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि "माझा रक्तदाब" असं म्हणून पातेल्यात सोडला. सुर्रर्र! बघता बघता पिंड आक्रसला, वितळला, दिसेनासा झाला. जल होतं तेवढंच राहिलं. स्वयंसेवक गुलाबाच्या अत्तराचे फवारे मारत फिरले. त्या गुलाबाखाली ताईला एक ओळखीचा वास आला, पण नक्की कशाचा ते काही आठवेना.

घरी आल्यावर अण्णांनी रक्तदाबाच्या गोळ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली झग्यात... म्हणजे आता तेही निळा झगा घालू लागले होते.

"अण्णा, निदान मोजून तरी बघू."

"सूनबाई, जे नाही ते मोजणार कसं?"

चौथ्या दिवशी अण्णा आंघोळीला गेले आणि भिंत धरूनच बाहेर आले. डोळ्यांपुढे अंधारी, कानांत घूं घूं. ताईनं जबरदस्तीनं पट्टा गुंडाळला. आकडा एकशे नव्वद! अण्णा मात्र म्हणाले, "यंत्र द्रव्याचं आहे. त्याला काय कळतंय?"

त्याच दुपारी कॉलेजातली फिजिक्सची बाई पार्लरमध्ये भुवया कोरून घ्यायला आली. ताईनं दोरा दातांत धरला, आणि चार केस उपटून झाल्यावर विचारलं, "मॅडम, प्रतिद्रव्य म्हणून खरंच काही असतं का हो?"

"असतं की. आई गं! प्रत्येक कणाला एक जुळा असतो, वजन तेवढंच, फक्त विद्युतभार उलटा. स्स्स! दोघं भेटले की दोघंही संपतात आणि निव्वळ ऊर्जा उरते."

"आणि पातेलंभर असलं तर?"

मॅडम इतक्या दचकून उठल्या की एक भुवई अर्धी होता होता वाचली. "पातेलंभर? अगं, एक ग्रॅम जरी सुटलं तरी हे शहर जागेवर राहायचं नाही! आणि पातेल्यात ठेवणार कसं? पातेलं द्रव्याचंच ना? टेकलं की संपलं. म्हणून ते निर्वात नळीत चुंबकांनी अधांतरी धरतात, तेही डोळ्यांना न दिसण्याइतकं. तशी निसर्गात ही रोजची गोष्ट आहे. केळ्यातूनसुद्धा तासा-सव्वातासाला एखादा प्रतिकण बाहेर पडतो. म्हणून काय केळ्यानं रोग बरे होतात?"

"पोट साफ होतं," ताई म्हणाली.

"ते वेगळं. बरं, जाता जाता नखांचा हा जुना रंग काढून दे."

ताईनं बाटलीचं टोपण काढलं, आणि तिचा हात तिथंच थांबला. गुलाबाखालचा तो वास! मागच्या खोलीत नवीन मिक्सरचं खोकं पडलं होतं. त्यातला थर्मोकोलचा तुकडा आणून तिनं वाटीतल्या नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये टाकला. सुर्रर्र!

"अ‍ॅसिटोन," मॅडम भुवई चोळत म्हणाल्या. "थर्मोकोल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच. हवा निघून जाते, उरतो तो चिमूटभर चिकट गोळा. पण जपून गं, हे भसकन पेटतं."

बाबांच्या दरबारात साधी मेणबत्तीसुद्धा का चालत नाही, हे ताईला तेव्हा उमगलं.

अण्णांना तिनं संध्याकाळी वाटीतला प्रयोग करून दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "दोन गोष्टी सारख्या वागल्या म्हणून एकच ठरत नाहीत. हा हेत्वाभास झाला, म्हणजे नुसतं दिसायला कारण." आणि त्यावर पाऊण तास बोलले. ताईनं ओळखलं, घरात हे जमायचं नाही.

रविवारी ती दरबारात आपला पिंड घेऊन उभी राहिली. नखांना लालभडक रंग लावला होता.

"बोला, कन्ये. कोणता दोष?" प्रतिबाबांनी विचारलं.

"संशय," ताई म्हणाली. आणि पिंड खाली ठेवून तिनं उजव्या हाताची पाचही बोटं पातेल्यात बुडवली.

सभागृहात किंकाळी उठली. पोस्टमास्तरांनी डोळे झाकले. "काढ! हात नाहीसा होईल!" प्रतिबाबा ओरडले, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून घाबरून नव्हे, तर रागानं निघालं, हे पहिल्या रांगेलाही कळलं.

ताईनं हात वर काढला, रुमालानं पुसला आणि सगळ्यांना दाखवला. बोटं पाचच्या पाच शाबूत. रुमाल तेवढा लालीलाल.

"बोटं आहेत. पातेलंही आहे. नाहीसं झालं ते फक्त नेलपॉलिश," ती म्हणाली. मग पर्समधून पार्लरची बाटली, वाटी आणि मिक्सरच्या खोक्यातला थर्मोकोल काढून तिनं तोच चमत्कार टेबलावर करून दाखवला. सुर्रर्र! "माझ्या दुकानात ये-जा करणाऱ्या प्रत्येक बाईनं हे प्रतिजल बोटांना लावलंय. एकीचाही गुडघा बरा झालेला नाही."

"ही बाई द्रव्यवादी आहे!" प्रतिबाबा गरजले. "तिच्या बाटलीतलं साधं, माझं मंतरलेलं!"

लोक गोंधळले. मग कुणीतरी ओरडलं, "अण्णा, तुम्ही सांगा!"

सगळ्या माना अण्णांकडे वळल्या. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एकतीस वर्षं अण्णांनी ज्या शांततेची वाट पाहिली, ती आता समोर बसली होती, आणि तिच्यापुढे सांगायची होती ती स्वतःची चूक! त्यांनी सुनेच्या ओल्या बोटांकडे पाहिलं. खुर्चीचा हात धरून ते उठले. प्रतिबाबांनी माइककडे हात नेला; अण्णांनी तो दिला नाही.

"या खुर्चीवर आत्ता मांजर नाही," ते म्हणाले. "हा मांजराचा अभाव. तो पिशवीत भरून घरी नेता येईल का? अभाव म्हणजे नसणं. आणि प्रतिद्रव्य म्हणजे असणं. त्याला वजन आहे, विद्युतभार आहे. जुन्यांनी 'नाही' या शब्दाचा अर्थ काय, याचा कसून विचार केला. नव्यांनी मोजून, तपासून कण शोधले. दोघांनीही कष्ट केले. या गृहस्थांनी फक्त नावं जुळवली. आणि मी त्यांना माझी वही दिली, कारण हे माझं ऐकत होते." त्यांनी माइक तोंडाजवळ आणला. "माझा रक्तदाब कुठंही गेलेला नाही. मी चुकलो. ज्यांनी ज्यांनी औषधं सोडली असतील, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जा."

ताईनं पातेलं बादलीत ओतलं. तळाला पिठाच्या गोळ्यासारखा पांढरट, चिकट लगदा बसला होता. अख्ख्या वस्तीचे गुडघे, दमे, पित्त आणि अर्धशिशी त्यात एकत्र नांदत होती. पोस्टमास्तर वाकून बघत म्हणाले, "यातला माझा कुठला?"

या गडबडीत प्रतिबाबा मागच्या दारानं निघाले. पुढे तोंड करून, चांगले धावत.

अण्णांनी आठ दिवस कुणाशी फारसं बोलणं केलं नाही. गोळी मात्र वेळेवर घेत. नवव्या दिवशी ताई म्हणाली, "अण्णा, दुपारी पार्लरमध्ये या. तोंडाला लेप लावला की बायकांना वीस मिनिटं बोलता येत नाही. नुसत्या बसून असतात."

अण्णा गेले. पहिल्याच दुपारी हिरव्या लेपाच्या तीन बायकांपुढे त्यांनी सांगितलं, "कुणी जुन्या ग्रंथाचं नाव घेवो नाहीतर नव्या विज्ञानाचं, दबून जायचं नाही. विचारायचं, हे कशावरून? मला करून बघता येईल का? आणि जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती आपली तब्येत द्यायची नाही."

मधल्या खुर्चीतल्या बाईनं हात वर केला. तिच्या गालांवरच्या लेपाला तडे गेले, पण तिनं पर्वा केली नाही.

"पण अण्णा, तुम्ही सांगताय तेसुद्धा खरं कशावरून?"

अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि म्हणाले, "शाब्बास! चला, तपासून बघू."